आधी डिकी रिकामी कर

पाया नंतर पड. आधी डिकी रिकामी कर. सगळी. दारासमोर, इथेच. देवपुरातल्या चार लोकांना तुझ्या बॅगा दिसल्या तर दिसू देत. गाडी घेतलीस तेव्हा दत्त मंदिर चौकापर्यंत पेढे वाटत गेला होतास, तेव्हा लाजला नव्हतास.

महेश्वर, ओंकारेश्वर, उज्जैन. मे महिना. आई, बायको, आठ वर्षांचा मुलगा, दोन वर्षांची मुलगी आणि तू. या पाच जिवांची तयारी म्हणून तू काय केलंस, तर महिनाभर रात्री जागून मोबाइलवर खरेदी. काढ एकेक वस्तू बाहेर, बघू दे. गाडीत चालणारा फ्रीज. पंखा. मानेच्या उशा. फोनचं स्टँड. डॅशकॅम. मागच्या सीटवर पसरायची हवेची गादी. टायरमध्ये हवा भरायचा छोटा पंप. हे एक बरं केलंस, पण खोक्याचं सील अजून तसंच आहे. आणि हे चकचकीत काय आहे? एवढुसं, लोखंडी?

बोल. वर्गात खाली बघायचास तसं बघू नकोस, चाळिशी आली तुझी.

मला ठाऊक आहे ते काय आहे. बेल्ट लावायचा नाही, नुसती ही लोखंडी जीभ बेल्टच्या खाचेत खुपसायची, की गाडीची टिंगटिंग बंद. म्हणजे गाडी ओरडून सांगते आहे की बाबा रे, जीव सांभाळ, आणि तू तिचं तोंड दाबायला पैसे मोजलेस. मे २०२३ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने पाच ऑनलाइन विक्री कंपन्यांना असल्या क्लिपा काढून टाकायचा आदेश दिला होता. तरी तू कुठून तरी शोधून काढलीसच. एवढी चिकाटी दहावीला दाखवली असतीस तर! आण ती इकडे. परत मिळणार नाही. वर्गात जप्त केलेले भोवरे मी वर्षाअखेरी परत द्यायचे, ही नाही देणार.

आता ती गादी. फुगवून दाखव. मागची अख्खी सीट झाकली गेली, पाय ठेवायची जागाही भरली. झकास. आता मला मागचे बेल्ट दाखव. कुठे आहेत? गादीखाली. म्हणजे पोरं मागे लोळणार, मोबाइल बघणार, झोपणार, आणि तू ताशी शंभरने नगावबारीवरून महामार्गाला लागणार. नववीत न्यूटनचा पहिला नियम मी शिकवला तुला. परीक्षेत तू तो जसाच्या तसा उतरवलास आणि मी गुणही दिले. ते गुण आज मी परत घेते. तुला नियम पाठ होता, कळला नव्हता.

हिशेब कर. तोंडी कर, फोन काढू नकोस. ताशी ऐंशी किलोमीटर म्हणजे सेकंदाला किती मीटर? बावीस. गाडी कशाला तरी धडकून एक दशांश सेकंदात थांबली, तर मंदन किती? सेकंदाच्या वर्गाला सव्वादोनशे मीटरच्या जवळपास. म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या बावीस-तेवीस पट. तुझी मुलगी किती किलोची? दहा धर. तिला त्या क्षणी आईच्या मांडीवर धरून ठेवायचं असेल, तर सव्वादोनशे किलो पेलण्याएवढी ताकद हातात हवी. तुझी बायको सिमेंटच्या चार गोण्या एका झटक्यात झेलू शकते का? नाही ना? मग 'मांडीवर घट्ट धरते ना ती' हे वाक्य माझ्यासमोर पुन्हा बोलायचं नाही. आणि तो फ्रीज, बर्फ नि बाटल्यांसकट बारा किलो, मागच्या काचेजवळ मोकळा ठेवला होतास. त्याचा हिशेब घरी कर. तो आईच्या मानेच्या उंचीवर आहे, एवढं लक्षात ठेव.

मागे बसणाऱ्याला बेल्ट लागत नाही, असं तुला कोणी सांगितलं? ४ सप्टेंबर २०२२ ला पालघर जिल्ह्यात चारोटीजवळ सूर्या नदीच्या पुलावर सायरस मिस्त्रींची गाडी कठड्याला धडकली. महागातली महाग, एअरबॅगांनी भरलेली गाडी. पुढचे दोघे वाचले. मागचे दोघे गेले. त्या दोघांनी बेल्ट लावले नव्हते, असं पोलिसांनी सांगितलं. मग आठवडाभर देशभर चर्चा झाली, तूही चार संदेश पुढे पाठवले असशील, आणि आज मागच्या बेल्टांवर गादी पसरलीस. कायद्याचं म्हणशील, तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ ब मध्ये चौदा वर्षांखालच्या मुलाला बेल्ट किंवा मुलांची खास सीट नसेल तर हजार रुपये दंड आहे. हजार रुपयांची तुला फिकीर नाही, दिसतंच आहे. या सगळ्या भंगाराच्या किमतीत मुलीसाठी एक चांगली सीट आली असती. तुझ्या गाडीत मागे ती अडकवायला लोखंडी कड्या दिलेल्या आहेत. सीटच्या फटीत हात घाल. लागल्या? इतकी वर्षं त्यांच्यावर बसताय तुम्ही.

ती सीट आज संध्याकाळी आण. मागे बसव. पुढे नाही. पुढे एअरबॅग आहे.

आणि आता त्या एअरबॅगकडे येऊ. डॅशबोर्डवर जिथे ही अक्षरं कोरलेली आहेत, बरोबर त्यांच्यावर तू टेप लावून एकवीरादेवी बसवलीस. झाकण फोडून ती पिशवी डोळ्याची पापणी लवायच्या आत बाहेर येते, आत छोटा स्फोटच होतो म्हण ना. समोरची मूर्ती मग कोणाच्या तोंडावर जाईल? देवीला नमस्कार करायचा तर पांझरेकाठी देऊळ आहे, जाऊन पाया पड, ओटी भर, मीही येते. पण तिला स्फोटकावर बसवू नकोस. काढ.

'बाई, मी जपून चालवतो.' हे मला ऐकवायचं नाही. तू जपून चालवतोस, मान्य. तुझ्या मागून येणारा जपून चालवतो का, हे तुला कोणी लिहून दिलंय? शिरपूरच्या पुढे पळासनेर लागतं. ४ जुलै २०२३ ला तिथे ब्रेक निकामी झालेला कंटेनर वाटेतल्या गाड्यांना उडवत रस्त्याकडेच्या हॉटेलात घुसला. किमान दहा माणसं गेली. त्यांतली कितीतरी गाडीत नव्हतीच, नुसती रस्त्याकडेला होती. त्याच्या आदल्या वर्षी, १८ जुलै २०२२ ला, इंदूरहून अमळनेरला येणारी आपली एस.टी. खलघाटच्या पुलाचा कठडा तोडून नर्मदेत पडली. बारा मृतदेह काढले. अमळनेरच्या गाडीत आपलीच माणसं होती. तू त्याच पुलावर थांबून फोटो काढणार आहेस, मला तुझ्या मुलानेच सांगितलं. आणि तो स्वतः सनरूफमधून डोकं बाहेर काढून उभा राहणार आहे, हेही सांगितलं. आनंदाने सांगत होता बिचारा. त्याला मी काही बोलले नाही. बोलायचं ते तुला.

पुलावर थांबायचं नाही. सनरूफ बंद.

आता स्टेपनी दाखव. 'खाली असेल' म्हणजे काय? असेल! रोज वापरतोस ती गाडी, तिचं पाचवं चाक कुठे आहे ते तुला माहीत नाही? गालिचा उचल. हां. आहे. ही धूळ बघ, गाडी घेतल्यापासून कोणी हात लावला नाही तिला. काढ तो पंप खोक्यातून, निदान त्याचं सार्थक होऊ दे. लाव. किती दाखवतो? चौदा पौंड. पाहिजेत तेहेतीस. म्हणजे बिजासन घाटात पंक्चर झालं असतं, तर उन्हात सगळं सामान रस्त्यावर उतरवून, पोरांना उभं करून, तू एक बसलेलं चाक काढून दुसरं बसलेलं चाक लावलं असतंस.

टायरच्या बगलेवर वाच. लंबगोलात चार आकडे आहेत. १४१९. म्हणजे २०१९ सालच्या चौदाव्या आठवड्यात बनलेलं. रबर वापरलं नाही तरी म्हातारं होतं. बाकीच्या चारही टायरांचे आकडे बघ आणि खाचांमध्ये तो छोटा उंचवटा आहे ना, त्याच्या पातळीला रबर झिजलं असेल तर टायर गेला असं समज. खाच १.६ मिलिमीटर उरली की टायर बदलायलाच हवा. तुझं पुढचं डावं चाक मला आवडलेलं नाही. रबर आतल्या बाजूने जास्त गेलंय. अलाइनमेंट करून घे.

हवा किती भरायची, हे पंक्चरवाल्याला विचारायचं नाही. ड्रायव्हरचं दार उघडलं की खांबावर कागद चिकटवलेला आहे, त्यावर दोन आकडे आहेत. एक रिकाम्या गाडीचा, दुसरा भरलेल्या गाडीचा. मागच्या चाकांना सहसा जास्त लागते. तू दुसरा आकडा पाळायचा, पाच माणसं आणि हा सगळा बाजार घेऊन निघालायस. आणि मोजायची ती सकाळी, गाडी हलवायच्या आधी, टायर गार असताना.

'उन्हाळ्यात हवा दोन पौंड कमीच ठेवावी, तापून टायर फुटतो.' कोणी सांगितलं? अख्खा खानदेश हे बोलतो आणि अख्खा खानदेश चुकतो. बंद जागेतल्या वायूचं तापमान वाढलं की दाब वाढतो, गे-लुसॅकचा नियम, बरोबर. पण किती वाढतो? सकाळी पंचवीस अंशाला तेहेतीस पौंड असलेला टायर पासष्ट अंशापर्यंत तापला, तर दाब होतो एकोणचाळीसच्या आसपास. चांगला टायर हे सहज सोसतो, बनवणाऱ्याने ते धरूनच आकडा दिलेला असतो. टायर खरा मरतो तो हवा कमी असल्यावर. मग त्याची बगल प्रत्येक फेऱ्याला दबते, सुटते, दबते, सुटते. त्यातूनच उष्णता तयार होते, आतले थर सुटायला लागतात, आणि तापलेल्या सिमेंटच्या रस्त्यावर, ताशी शंभरच्या वेगात, तो चिंध्या होऊन उडतो. मग लोक म्हणतात, ऊन फार होतं. दुपारी पंपावर थांबून तापलेल्या टायरची हवा सोडायचा शहाणपणाही करायचा नाही.

इकडे ये ग, पोरी. हो, तूच. हा जॅक, हा पाना, ही टॉमी. याला येतं म्हणून तुला येऊ नये असं काही नाही. आणि याला येत नाही, हे आत्ताच कळलं. हँडब्रेक ओढ. पलीकडच्या चाकाला दगड लाव. आता आधी नट ढिले कर, चाक जमिनीवर असतानाच. जॅक चढवून मग नट पिळायला गेलीस तर चाक गरगर फिरेल आणि गाडी जॅकवरून घसरेल. हाताने होत नसेल तर टॉमीवर पाय देऊन उभी राहा. बघ, झालं. जॅक कुठे लावायचा, तर पत्र्याच्या कडेला जिथे दोन खाचा आहेत तिथेच, मधे कुठेही नाही. असं दोघांनी आज एकदा करायचं, मी खुर्ची टाकून बघते.

पण हे झालं गल्लीतलं. महामार्गावर पंक्चर झालं तर जागच्या जागी चाक बदलायला बसायचं नाही. धोक्याचे दिवे लावून, सावकाश, टायर गेला तरी चालेल, पण रुंद जागा मिळेपर्यंत गाडी डाव्या कडेला नेत राहायची. मग सगळ्यांना डाव्या दाराने उतरवून लोखंडी कठड्याच्या पलीकडे नेऊन उभं करायचं. गाडीच्या मागे कोणीही उभं राहायचं नाही, सेल्फीला तर नाहीच. आणि तो लाल त्रिकोण. कुठला म्हणतोस? गाडीबरोबर आलेला. हा काय, कातडी पाकिटात, सील न फोडलेला. उघड. जोड. गाडीच्या मागे निदान पन्नास पावलं जाऊन ठेवायचा, आणि जाताना येणाऱ्या गाड्यांकडे तोंड करून कडेकडेने चालायचं. रात्री कंटेनरवाल्याला तुझी बंद गाडी दिसते तेव्हा ब्रेक दाबायला उशीर झालेला असतो. ताशी शंभरला गाडी सेकंदाला अठ्ठावीस मीटर जाते. त्याचा पाय ब्रेकवर पोचेपर्यंत तो अठ्ठावीस मीटर पुढे आलेला असतो.

आता निघायची वेळ. काय ठरवलंस? पहाटे तीन. का? ऊन लागू नये म्हणून. आणि आज रात्री झोपणार किती वाजता? सामान भरून, गाडी धुऊन, बारा. म्हणजे तीन तास झोपून, ज्या वेळी माणसाचं शरीर सर्वांत जास्त झोप मागतं, त्याच वेळी तू आईला नि पोरांना घेऊन स्टिअरिंगवर बसणार. पहाटेच्या अपघातात ब्रेकच्या खुणा सापडत नाहीत रे कित्येकदा, कारण ब्रेक दाबणारा झोपलेला असतो. चहा, तंबाखू, काच खाली करून वारा, मोठ्याने गाणी, यातल्या कशानेही झोप जात नाही, तेवढ्यापुरती लांबते. आज सगळं नऊपर्यंत आटप. दहाला झोप. उजाडल्यावर निघ. ऊन लागेल. लागू दे, गाडीत एसी आहे. दुपारी दोन तास सेंधव्याच्या पुढे कुठे तरी सावलीला थांब, जेव, आडवा हो. कोणी तुझी मोटारींची शर्यत लावलेली नाही. उज्जैनला महाकाल एक दिवस उशिराही भेटतो.

येताना तर रात्रीचा घाट उतरायचाच नाही. बिजासन घाट येताना उतरणीचा आहे, खाली पळासनेर आहे, आणि पळासनेरला काय झालं ते आत्ता सांगितलं. पेट्रोल वाचवायला न्यूट्रल टाकून उतरणारे महाभाग मी पाहिले आहेत. तुझा मामा त्यातला एक. न्यूट्रलमध्ये इंजिन गाडीला अडवत नाही, सगळा भार ब्रेकवर येतो, ब्रेक तापतात आणि तापलेले ब्रेक पकड सोडतात. चढताना जो गिअर लागला असता, त्याच गिअरमध्ये उतरायचं. वर, टपावर, कॅरिअर बांधून त्यावर चार बॅगा टाकायचा जो बेत आहे, तो रद्द. वजन वर गेलं की वळणावर गाडी झुकते. टपावर किती वजन चालतं ते गाडीच्या पुस्तकात आहे, ते पुस्तकही सीलबंदच असणार तुझं.

तुझ्या आईला मी आत्ता विचारलं, वहिनी, औषधं घेतली का, तर म्हणाल्या, "तोच सगळं देखस बाई." पाहतोस ना सगळं? मग इन्सुलिन कुठे ठेवलंस? फ्रीजमध्ये, बर्फाच्या पिशवीला टेकवून. गोठलेलं इन्सुलिन वाया जातं, पुन्हा वितळलं तरी टोचायचं नाही. कापडात गुंडाळून बर्फापासून लांब ठेव. आणि गाडी उन्हात लावून देवळात गेलात तर ते बरोबर घेऊन जायचं. बंद गाडीत मे महिन्यात काय तापतं ते तुला सांगायला नको. पॉवर बँकही डॅशबोर्डवर सोडून जायची नाही. आणि पोरं झोपली आहेत म्हणून गाडीत ठेवून 'पाच मिनिटांत येतो' हे तर कधीही नाही.

या सगळ्या पसाऱ्यात मला एकच गोष्ट शहाण्या माणसाने भरलेली दिसते, तो हा डबा. दुधात भिजवलेल्या दशम्या, शेंगदाण्याची चटणी, वेगळ्या पुडीत गूळ. दोन दिवस टिकतात, हात पुसला की खाऊन झालं, पाणीसुद्धा कमी लागतं. वहिनींनी केल्या, तू नाही. वाटेत ढाब्यावर शेवभाजी खायची तर खा, पण ती खाऊन लगेच चालवायला बसू नकोस, डोळे मिटायला लागतील.

आता गादी घरात ने. पंखाही. दोन उशा पुरेत. डॅशकॅम राहू दे, पण तो काचेच्या मधोमध लावून समोरचं झाकू नकोस. फ्रीज खाली, पुढच्या सीटच्या मागे, पायाशी, पट्ट्याने बांधून. जड बॅगा डिकीत तळाला, पण स्टेपनी काढायची वेळ आली तर आधी कोणती उचलायची हे ठरवून. फास्टॅगमध्ये पैसे आहेत का ते आत्ता बघ, टोलनाक्यावर नाही.

आणि एक कागद घे. फोनमध्ये नाही, कागदावर. सातपुड्यात फोन लागेलच असं नाही, आणि तुला काही झालं तर तुझा फोन तुझ्या अंगठ्याशिवाय उघडत नाही, बायकोने काय करायचं? १०३३, राष्ट्रीय महामार्गाचा मदत क्रमांक. १०८, रुग्णवाहिका. ११२, बाकी सगळ्यासाठी. खाली आईचा रक्तगट, तिची औषधं, डॉक्टरांचा नंबर, विमा कंपनीचा नंबर, घरचे दोन नंबर. त्याची घडी करून बायकोच्या पर्समध्ये. लिही.

पेन नाही? फोनचं स्टँड आहे, फ्रीज आहे, पंखा आहे, आणि पेन नाही. हे घे माझं. टोपण दातात धरू नकोस. आणि परत आल्यावर आणून द्यायचं.